एसडब्ल्यूआर १.४, तरी यागी मागचंही तितकंच ऐकते

खटपट्या

नमस्कार मंडळी. हौशी रेडिओच्या दोन मीटर बँडसाठी तीन एलिमेंटची (रॉडची) यागी, म्हणजे एकाच दिशेला जास्त ऐकणारी अँटेना, घरी केली आहे. एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) ठीक येतोय, पण अँटेनाला दिशा म्हणून काही नाहीच. मापांसकट सगळं लिहितो, गाडी कुठे अडलीय ते सांगा.

हेतू दोन. टेकडीआडचा एक रिपीटर (सिग्नल ऐकून पुन्हा जोरात पाठवणारं केंद्र) हँडीच्या (हातातल्या रेडिओच्या) रबरी अँटेनावर जेमतेम उघडतो, त्यावर खरखर न होता बोलता यावं. आणि अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० वर ऐकता यावं.

डिझाइन १४५ मेगाहर्ट्झचं, तरंगलांबी २०६८ मिमी धरली. मापं अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या १९७६ सालच्या तांत्रिक टिपणातली, ०.४ तरंगलांबी बूमचा (एलिमेंट्स धरणाऱ्या दांड्याचा) रकाना. रिफ्लेक्टर (मागचा रॉड) ०.४८२ पट, म्हणजे ९९७ मिमी. डायरेक्टर (पुढचा रॉड) ०.४४२ पट, ९१४ मिमी. डायपोलपासून (केबल जोडलेल्या मधल्या रॉडपासून) दोघांचं अंतर ०.२ पट, ४१४ मिमी. डायपोल थोडा लांब कापून एसडब्ल्यूआर बघत बघत छाटला.

एलिमेंट्स ४ मिमीच्या ॲल्युमिनियम रॉडची. बूम २५ मिमी चौकोनी ॲल्युमिनियम पाइप. रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर बूममध्ये आरपार भोक पाडून बसवलेत, वरून स्क्रूने आवळलेत. डायपोल प्लास्टिकच्या ठोकळ्यावर, मध्ये १० मिमीची फट, तिथे केबल थेट जोडली आहे. केबल आरजी-५८, १० मीटर. बॅलन (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा जोड) वगैरे काही नाही. रिपीटरची अँटेना व्हर्टिकल (उभी) असल्यामुळे एलिमेंट्स उभी. लोखंडी पाइपला क्लॅम्प डायपोल आणि डायरेक्टरच्या मधोमध केलाय, कारण तोल तिथेच साधतो.

रेडिओजवळ मोजलं तर १४५ ला एसडब्ल्यूआर १.४. पण रिपीटरकडे तोंड केलं काय आणि पाठ केली काय, मीटरवर फार तर एका दांडीचा फरक. एखाद्या वेळी पाठ केल्यावर उलट जास्त! एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगली असं जो तो सांगतो. मग ही अशी का वागते? डायपोल अजून छाटून १.१ वर आणू? की सरळ पाच एलिमेंटची करू, म्हणजे दिशा येईल?

डिट_डाह

बाकी सगळं नंतर. तो लोखंडी पाइप आधी तिथून हलवा.

एलिमेंट्स उभी, पाइप उभा, आणि तो बरोब्बर डायपोल-डायरेक्टरच्या मधे. म्हणजे तुम्ही तीन एलिमेंटची नाही, चार एलिमेंटची अँटेना केलीय आणि चौथ्याची लांबी कोणीच ठरवलेली नाही. आडव्या एलिमेंट्सना उभा पाइप फारसा त्रास देत नाही, म्हणून एसएसबीवाले (आडव्या अँटेना वापरणारे) बूमच्या मध्यावर बिनधास्त क्लॅम्प करतात. तुमच्या केसमध्ये ते चालणार नाही.

बूम मागे अर्धा-पाऊण मीटर वाढवा आणि क्लॅम्प रिफ्लेक्टरच्या मागे घ्या. तोल जातो, मान्य. मागच्या टोकाला वजन बांधा. नाहीतर वरचा दीड-दोन मीटर भाग लाकडाचा किंवा फायबरचा लावा. केबलही डायपोलपासून सरळ खाली सोडली असेल, तर तीसुद्धा एलिमेंट्सना समांतर लोंबतेय. बूमच्या कडेकडेने मागे न्या, रिफ्लेक्टर ओलांडला की मग खाली.

लांबलहर

डिट_डाह यांच्याशी सहमत. त्यात एक भर घालतो. डायपोल दोन्ही बाजूंनी सारखा, केबल मात्र तशी नाही. बॅलन किंवा चोक नसेल तर केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून करंट वाहतो आणि केबलच अँटेना होऊन बसते. ती चहूकडून ऐकते. मागची बाजू शांत व्हायची असेल तर हे थांबायला हवं.

तपासायची सोपी युक्ती: कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर बघत केबल मुठीत धरा आणि मूठ अँटेनाच्या बाजूने हळूहळू खाली सरकवा. काटा हलला, तर बाहेरून करंट आहे. केबल नुसती इकडून तिकडे वळवल्यावर आकडा बदलला तरी निदान तेच.

उपाय म्हणून फीडपॉइंटला (केबल डायपोलला जोडते तिथे) लागून केबलवर ४३ नंबरच्या मटेरियलचे तीन-चार फेराइट मणी ओवा. केबलची गुंडाळी करूनही चोक होतो, पण व्हीएचएफवर (या बँडच्या फ्रिक्वेन्सीला) तिचे वेढे आणि व्यास जुळले तरच. मणी बरे.

किंवा सरळ फोल्डेड डायपोल करा आणि अर्ध्या तरंगाच्या केबलचा लूप लावून ४:१ बॅलन करा. आरजी-५८ चा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला वेग हवेतल्याच्या किती पट) ०.६६, म्हणजे अर्धा तरंग १०३४ गुणिले ०.६६, लूप ६८२ मिमीचा. मॅचिंगही झालं, बॅलनही झाला.

जुनाखांब

खटपट्या, मापं दिलीत हे फार बरं केलंत. लोक नुसतं 'अँटेना चालत नाही' लिहून मोकळे होतात आणि आम्ही इकडे कुंडली मांडत बसतो.

पाइप आणि केबलबद्दल वर दोघांनी लिहिलंय ते बरोबर आहे, ते कराच. पण तेवढं केल्यावरही ही यागी नीट चालणार नाही, कारण मूळ दुखणं लांब्यांत आहे.

तो तक्ता पुन्हा उघडा आणि त्याच्या माथ्यावर काय लिहिलंय ते बघा. त्या लांब्या एलिमेंटचा व्यास तरंगलांबीच्या ०.००८५ पट असेल तरच लागू. १४५ ला ते होतात साडेसतरा मिमी! तुमचा रॉड ४ मिमीचा, म्हणजे ०.००१९ पट. बारीक रॉड त्याच लांबीला विजेच्या दृष्टीने आखूड पडतो, त्याला जास्त लांब ठेवावं लागतं. त्याच टिपणात व्यासाप्रमाणे लांबी बदलायचे आलेख आहेत. लोक तक्ता उतरवून घेतात आणि आलेखांकडे कोणी बघत नाही.

दुसरं, बूम. एलिमेंट धातूच्या बूममधून आरपार गेलं की मधला तेवढा भाग जाड होतो आणि ते आणखी आखूड असल्यासारखं वागतं. भरपाई बूमच्या जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. २५ मिमीला साधारण १५ मिमी. तीही तुमच्या मापांत धरलेली नाही.

आता दोन्ही एकत्र करा. रिफ्लेक्टर कापलाय ९९७ चा, बूमने १५ खाल्ले, उरले ९८२. ४ मिमीचा रॉड १४५ ला रेझोनन्समध्ये (आपल्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीवर) येतो तो साधारण १००० मिमीला. रिफ्लेक्टर हा रेझोनन्सपेक्षा लांब असावा लागतो. तो इंडक्टिव्ह (कॉइलसारखा) असतो म्हणून त्यातला करंट अशा फेजने वाहतो की मागच्या दिशेला डायपोलशी वजाबाकी होते आणि पुढच्या दिशेला बेरीज. तुमचा रिफ्लेक्टर रेझोनन्सच्या खाली घसरलाय, म्हणजे थोडाफार डायरेक्टरच्या जातीचा झालाय. पुढे एक डायरेक्टर, मागेही एक अर्धवट डायरेक्टर. बिचारी अँटेना कुठे बघणार? पुढचा खरा डायरेक्टर तर ९१४ वजा १५, म्हणजे इतका आखूड की त्यात पुरेसा करंटच येत नाही. तुमची यागी १४५ ची नाहीच, ती १५० च्या आसपासची आहे. यागी आपल्या डिझाइनच्या खाली चालवली की सगळ्यात आधी मागची बाजू उघडी पडते.

मी तिन्ही एलिमेंट्सचे करंट कागदावर सोडवून पाहिले. पाइप आणि केबल नाहीतच असं धरलं, तरी तुमच्या मापांना पुढे-मागे फरक येतो ५ ते ६ डीबी (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि गेनही (पुढच्या दिशेची वाढ) दोनेक डीबी कमी. उरलेले ५-६ डीबी पाइपने आणि केबलने गिळले.

करायचं काय? रिफ्लेक्टर १०३० मिमी, डायरेक्टर ९६० मिमी, अंतरं आहेत तीच. आरपार बूम आणि ४ मिमी रॉड धरून हे आकडे आहेत, रॉड बदललात तर आकडे बदलतील. याने पुढे-मागे १५ डीबीच्या आसपास फरक आणि डायपोलच्या वर ७ डीबी गेन मिळायला हवा. ७ डीबी म्हणजे पाचपट पॉवर, तीही बॅटरी न वाढवता. जमलं तर मापं आधी ४एनईसी२ किंवा एमएमएएनए या अँटेनाचं मॉडेल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालून बघा. फक्त मॉडेलमध्ये बूम नसतो, म्हणून तिथे १५ मिमी कमी करून लांबी भरायची. बूमची भरपाई नको असेल, तर एलिमेंट्स बूमच्या वर प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर बसवा. लाकडी बूमलाही भरपाई लागत नाही.

आणि आता मुद्द्याचं. लांब्या बरोबर केल्यावर तुमचा एसडब्ल्यूआर बिघडेल. बिघडायलाच हवा. एकट्या डायपोलचा इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) ७३ ओहम. शेजारी नीट काम करणारी एलिमेंट्स आली की तो खाली येतो. या मापांना २३ ते २५ ओहम. ५० ओहमची केबल थेट जोडली तर एसडब्ल्यूआर २ च्या वर. तो पाहून घाबरून पुन्हा डायपोल छाटायला घेऊ नका आणि एलिमेंट्स हलवून १.१ आणायच्या तर फंदातच पडू नका. एलिमेंट्स ठरवतात अँटेना कुठे बघते. एसडब्ल्यूआर ठरवतं मॅचिंग. हे दोन कारभार वेगळे ठेवा, आधी पहिला, मग दुसरा.

तुमचा १.४ सुद्धा खरा नाही बरं का. आरजी-५८ ची १० मीटर केबल या बँडला जवळपास २ डीबी खाते. परत येणारी पॉवर जाताना एकदा आणि येताना एकदा अशी दोनदा कमी होते, म्हणून रेडिओजवळचा मीटर अँटेनाची उगाच तारीफ करतो. वर १.७ असेल तेव्हा खाली १.४ दिसतो. वर ३ असला तरी खाली १.९ च दिसेल! केबल जितकी भिकार, तितका एसडब्ल्यूआर देखणा. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या रोधकाचा) एसडब्ल्यूआर १ असतो आणि तो कुठेच पोचत नाही.

पाच एलिमेंट्सचं नंतर बघू. तीनची नीट न बसवता पाच केलीत तर चुकायला अजून दोन जागा मिळतील, एवढंच.

लांबलहर, तुमच्या फोल्डेड डायपोलवर एक शंका. फोल्डेड केला की इम्पिडन्स चौपट होतो. इथे मूळचे २५ आहेत, झाले १००. त्याला ४:१ बॅलन लावला की पुन्हा २५. लूप कापला, सोल्डर केला आणि फिरून तिथेच! तुमची जोडी ५० ओहमच्या यागीला बरोबर बसते: ५० चे २००, २०० चे ५०.

लांबलहर

हो, बरोबर, मी ५० ओहमची डिझाइन डोक्यात धरून लिहिलं होतं. मग २८ ओहमचा मार्ग सुचवतो. जर्मन हॅम (हौशी रेडिओवाला) डीके७झेडबी याच्या बऱ्याच डिझाइन्स २८ ओहमच्या आहेत. ७५ ओहमच्या दोन केबल समांतर जोडल्या की ३७.५ ओहमची लाइन होते. तिचा पाव तरंगाचा तुकडा मधे घातला की २८ चे ५० होतात. ०.६६ च्या केबलला तुकडा ३४१ मिमी. दोन्ही तुकडे एकाच रिळातले हवेत, नाहीतर व्हेलॉसिटी फॅक्टर वेगळे निघतात.

खटपट्या

सगळ्यांचे आभार. काम पुढे सरकलंय, म्हणून पुन्हा लिहितोय.

क्लॅम्प रिफ्लेक्टरच्या मागे नेला, केबल बूमला बांधून मागे घेतली, फेराइटचे चार मणी ओवले. मुठीची परीक्षा मणी ओवण्याआधी आणि नंतर केली. आधी काटा चांगलाच नाचत होता, आता जवळजवळ स्थिर. नवे रॉड १०३० आणि ९६० चे कापून बसवले. एका मित्राचा छोटा व्हीएनए (इम्पिडन्स मोजायचं यंत्र) मिळाला, तो थेट डायपोलच्या फटीशी लावून बघितला: १४५ ला एसडब्ल्यूआर २.२. बिघडला! खरं सांगायचं तर आनंद झाला. रिपीटरकडे पाठ केली की आता सिग्नल खरंच खाली बसतो.

आता मॅचिंग. ७५ ओहमची केबल आहे, पण जोडकाम पाण्यापासून कसं वाचवायचं कळत नाही. हेअरपिनबद्दल वाचलं, पण दिसायला तो निव्वळ शॉर्ट सर्किट वाटतो. तारेने डायपोलची फटीतली दोन्ही टोकं जोडायची आणि म्हणे मॅच झालं?

आणि हँडीच्या मीटरवर फक्त पाचेक दांड्या आहेत, त्यात १५ डीबी कसे मोजू?

जुनाखांब

डीसीला शॉर्टच आहे तो, रेडिओ फ्रिक्वेन्सीला नाही. तारेचा छोटासा यू, म्हणजे एक कॉइल. हिशोब सोपा आहे, मांडून दाखवतो.

अँटेना २५ ओहम, हवेत ५०. डायपोल किंचित आखूड केला की तो कपॅसिटिव्ह (कपॅसिटरसारखा) होतो. आपल्याला उणे २५ ओहम रिअॅक्टन्स (इम्पिडन्सचा कॉइल-कपॅसिटरवाला भाग, हिशोबात 'जे') हवाय, त्यासाठी रेझोनन्सच्या लांबीतून एकूण २० ते २५ मिमी कमी करायचे, दोन्ही बाजूंनी सारखे. आता २५ उणे जे २५ ला समांतर अधिक ५० ओहमची कॉइल लावली की बाकी उरतात ५० ओहम शुद्ध. १४५ ला ५० ओहमची कॉइल म्हणजे ५५ नॅनोहेन्री. २ मिमीची तांब्याची तार, दोन पायांत २० मिमी अंतर, लांबी सुमारे ४५ मिमी. तुम्ही ६० ची करा आणि दोन पायांवर एक आडवी तार सरकवत जागा शोधा. सापडली की तिथे सोल्डर आणि पुढचं शेपूट कापून टाका.

क्रम मात्र पाळा. व्हीएनएवर आधी डायपोल छाटा, रिअॅक्टन्स उणे २५ येईपर्यंत, हेअरपिन न लावता. मग हेअरपिन. दोन्ही एकदम हलवायला लागलात तर रात्र होईल. व्हीएनए केबलसकट वापरायचा असेल तर कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करा, ओपन, शॉर्ट, लोड तिन्ही तिथेच लावून. नाहीतर पुन्हा केबलचीच तारीफ ऐकत बसाल.

ट्यूनिंग करताना अँटेना आडवी धरून जमिनीजवळ ठेवू नका. बूम उभा करून डायरेक्टर आभाळाकडे करा, रिफ्लेक्टर जमिनीपासून मीटरभर वर. ही दिशादर्शी अँटेना आहे, मागे फार बघत नाही, म्हणून अशा अवस्थेतही आकडे बरेचसे खरे येतात. मापन घेताना तुम्ही स्वतः बाजूला व्हा. माणूस हा या बँडला चांगलाच मोठा, ओला अडथळा आहे.

हेअरपिनचा बरोबर मधला बिंदू शून्य व्होल्टेजवर असतो, तो बूमला स्क्रूने जोडलात तरी चालतं. उलट बरंच, स्थिर वीज साठत नाही.

जोडाबद्दल: तांब्याची तार आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लावू नका. ओल लागली की ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं आणि काही महिन्यांत 'अँटेना अचानक बहिरी झाली' असा नवा धागा निघतो. मधे स्टेनलेसचा वॉशर घाला. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतोच, तो आवळायच्या आधी पॉलिश पेपरने घासा आणि लगेच आवळा. केबलचं उघडं टोक सेल्फ-अमल्गमेटिंग टेपने झाका, नाहीतर पाणी जाळीतून केशाकर्षणाने पार रेडिओपर्यंत उतरतं. तुमच्या बूममधल्या स्क्रूंनाही हेच लागू: तिथला संपर्क अर्धामुर्धा झाला की बूमची भरपाईही अर्धीमुर्धी होते आणि अँटेना वाऱ्यासरशी स्वभाव बदलते.

आता मोजणी. रिपीटरवर मोजू नका. टेकड्या, इमारती सगळीकडून तोच सिग्नल उसळून येतो. मागून आलेलं प्रतिबिंब अँटेना इमानाने ऐकते आणि दोष तिला मिळतो. तुम्हाला 'पाठ केल्यावर उलट जास्त' मिळायचं त्यात हाही वाटा असू शकतो. मोकळ्या मैदानात शंभर मीटरवर मित्राला उभं करा, हँडी कमीत कमी पॉवरवर, अँटेना उभी. तुमच्याकडे यागी छातीच्या वर, रिफ्लेक्टर तुमच्या बाजूला.

पाच दांड्यांचा मीटर पार भरून गेलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. केबल आणि रेडिओच्या मधे अॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक डीबींनी कमी करणारा डबा) घाला आणि उलट मोजा: तोंड समोर असताना दांड्या दोनवर येईपर्यंत डीबी वाढवा, आकडा लिहा. मग पाठ करून त्याच दोन दांड्या येईपर्यंत डीबी कमी करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फ्रंट-टू-बॅक. मीटर कसाही असो, तो दोन्ही वेळा एकाच जागी उभा आहे, त्यामुळे त्याची थापेबाजी चालत नाही. आणि अॅटेन्युएटर लावलेला असताना पीटीटी (बोलायचं बटण) दाबू नका, तो जळेल.

उभ्या यागीकडून फार टोकदार दिशेची अपेक्षा ठेवू नका. आडवी धरली तर बीम साधारण ६०-६५ अंशांचा आणि दोन्ही बाजूंना खोल खड्डे, कारण डायपोल टोकाच्या दिशेने ऐकतच नाही. उभी केली की ती टोकं आभाळाकडे आणि जमिनीकडे जातात, बाजूचे खड्डे नाहीसे होतात आणि बीम नव्वदीच्या आसपास रुंदावतो.

डिट_डाह

अवकाश स्थानकासाठी ही रुंदी फायद्याचीच आहे, ट्रायपॉड-रोटेटर काही लागत नाही. चांगला पास दहाएक मिनिटांचा. यागी हातात धरा, स्थानकाचा मार्ग आधी बघून ठेवा आणि आवाज बुडाला की मनगट पिळून एलिमेंट्स तिरपी करा. पोलरायझेशन (लहर उभी की आडवी ती दिशा) सतत बदलत असतं, एका कोनात गप्प झालेला सिग्नल दुसऱ्या कोनात एकदम उसळतो. उलट पोलरायझेशनमध्ये २० डीबीसुद्धा सहज जातात, म्हणून ही मनगटाची करामत बूमवर आणखी दोन एलिमेंट्स लावण्यापेक्षा भारी पडते. डॉप्लर (वेगामुळे सरकणारी फ्रिक्वेन्सी) १४५.८ ला साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास. येताना वर, जाताना खाली. ५ किलोहर्ट्झची पायरी असलेल्या एफएम हँडीला १४५.८०० वर ठेवून दिलं तरी चालतं.

खटपट्या

हेअरपिन लागला. आडवी तार ४८ मिमीवर थांबली. फटीशी एसडब्ल्यूआर १४५ ला १.१, १४४ ला १.५, १४६ ला १.४.

मैदानात अॅटेन्युएटरने पुढे-मागे १४ डीबी आले. एक शंका उरली: पाठ पूर्ण फिरवण्याआधी, साधारण १४० अंशांवर, सिग्नल सगळ्यात कमी होतो आणि बरोबर मागे पुन्हा थोडा चढतो. यात अजून काही बिघाड आहे का?

जुनाखांब

बिघाड नाही. मागच्या बाजूला एक छोटा लोब (फुगवटा) आणि त्याच्या दोन्ही अंगांना खड्डे, तीन एलिमेंटच्या यागीचं चित्र असंच असतं. दुसऱ्या बाजूला २२० अंशांच्या आसपासही खड्डा असणार, तपासा. दोन्ही खड्डे सारख्या अंतरावर आणि सारखे खोल निघाले तर केबल गप्प आहे. एकीकडे सरकलेले दिसले तर अजून एक-दोन मणी ओवा.

खड्डा कुठे पडतो ते लक्षात ठेवा. ट्रान्समीटर शोधायच्या खेळात शिखरापेक्षा तोच जास्त उपयोगी पडतो: पुढचा बीम नव्वद अंशांचा, त्यात दिशा अंदाजानेच कळते, खड्डा मात्र पाच-दहा अंश हललात तरी भरून जातो.